न सांगायची पुडी

माझ्या गालांचं आमच्या घरात फार कौतुक झालं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. त्याआधी मी इतकी वाळकी होते की फोटोसाठी उभं केलं की बाबा म्हणायचे, हिला मधे घ्या, कडेला असली तर दिसायचीच नाही. आणि मग थोड्याच दिवसांत गाल असे भरले की त्यात डोळे बारीक झाले. आमच्या ओळीतल्या बाया फाटकाशी थांबून आईला विचारायच्या, "काय खाऊ घालून राहिली वं पोरीले?" आई हसायची, पदर सारखा करायची आणि काही सांगायची नाही. बायांनी आपापसांत ठरवून टाकलं की तूप. एकीनं तर आपल्या पोराच्या ताटात तुपाची वाटीच ओतायला सुरुवात केली. त्याला जुलाब झाले.

ते तूप नव्हतं, पुडी होती. त्या दिवसांतला माझा एकच फोटो शिल्लक आहे. तो कुणी कौतुकानं काढून बघायला लागलं की मी हातातून घेते आणि परत आत ठेवते. इतक्या वर्षांनीही त्या गालांचा मला राग येतो.

मला दमा होता. पण दमा हा शब्द घरात चालत नसे. "हिले कफ होते," असं म्हणायचं. मुलीच्या जातीला दमा आहे हे एकदा बाहेर फुटलं की पुढे स्थळं येणार नाहीत, ही काळजी मी दुसरी-तिसरीत असल्यापासून मोठी माणसं करत होती. लग्नापर्यंत पोचायला आधी श्वास घ्यावा लागतो, एवढं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

सत्तरच्या आगेमागेचे ते दिवस. प्रताप नगरात तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. कोपऱ्यावर एक डॉक्टर बसत. मला अटॅक आला की ते दंडावर कातडीखाली अ‍ॅड्रिनलिनची सुई द्यायचे. सुई दिली की थोड्या वेळानं छाती मोकळी व्हायची. पण त्याबरोबर काळीज धडधडायचं, हात थरथर कापायचे, तोंड पांढरं पडायचं. मला ती थरथर चालायची, कारण मागोमाग हवा येणार हे मला ठाऊक होतं. बाबांना ती बघवत नसे. ते सरकारी कचेरीत होते, पेपर वाचायचे, चर्चा करायचे, आणि इंग्रजी औषध गरम पडतं यावर त्यांची श्रद्धा होती. "सुईची सवय लागन हिले," असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे. अटॅक आला की मला उकिडवं बसवून पाठ चोळायचे आणि अगदी ओठ निळे व्हायला लागले की मगच चपला घालायचे. श्वासाची सवय मला जन्मापासून होती. तिचं मात्र कुणाला काही वाटत नव्हतं.

पुडी आणली मोठेबाबांनी. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. नरखेडकडे त्यांची संत्र्यांची बाग होती. ते फटफटीवरून आमच्याकडे यायचे आणि आल्या आल्या बाबांच्या खुर्चीत बसायचे. बाबा आपोआप पाटावर. घरात गॅस घ्यायचा का, मला कुठल्या शाळेत घालायचं, आईनं माहेरी किती दिवस राहायचं, सगळं त्या खुर्चीत ठरायचं. त्यांनी एकदा खिशातून कागदाची छोटीशी पुडी काढली आणि आईच्या हातावर ठेवली. गावाकडे एक महाराज औषध देतात म्हणाले. जडीबुटी आहे, इंग्रजीचा वासही नाही. मधातून, उपाशीपोटी द्यायचं. आंबट बंद. म्हणजे ज्यांच्या बागेची संत्री पोत्यानं आमच्या घरात येत, त्यांच्याच हुकमानं मी नुसती सालं हुंगत बसणार.

"अन सगळ्यात मोठं पथ्य," मोठेबाबा बोट वर करून म्हणाले, "कोनाले सांगाचं नाही. सांगतलं का गुण जाते. डॉक्टरले तं मुळीच नाही."

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडूनही शपथ घेतली. मी घेतली. त्या वयात आईची शपथ ही काही गंमत नसते.

गुण आला, खोटं कशाला बोलू? आठवड्याभरात आला. मी आडवी होऊन झोपायला लागले. त्याआधी उशांचा ढीग करून बसून झोपायची. मैदानात पळाले, दोरीवरच्या उड्या मारल्या, आणि भूक तर अशी की आई कणीक मळता मळता कच्चा गोळा मी पळवायची. घरात आनंदीआनंद. बाबा जो भेटेल त्याला माझे गाल दाखवायचे, कशानं भरले ते मात्र सांगायचे नाहीत. गुपित सांभाळायचं आणि त्याची फुशारकीही मारायची, ही कसरत त्यांना छान जमायची. वर्गातल्या पोरी मला टमाटर म्हणायला लागल्या. ओठावर लव आली. जराशा धक्क्यानं हातापायांवर काळेनिळे डाग पडायचे. पोट पुढे आलं. यातलं काहीच कुणाला खटकलं नाही, कारण पोरगी गुबगुबीत होणं म्हणजे बरी होणं, असा आमच्या घराचा हिशेब होता. वाळकं मूल आजारी, भरलेलं मूल ठणठणीत. त्यापलीकडे शरीर वाचायला आमच्यापैकी कुणी शिकलंच नव्हतं.

मग पितृपक्ष आला. महाराज पित्रांच्या दिवसांत औषध देत नसत. त्या दिवसांत दिलेलं औषध पितरांनाच पोचतं, रोग्याला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरातल्या पुड्या संपल्या. आईनं भीतभीत विचारलं, "मंग आता काय द्याचं हिले?" मोठेबाबा हसले. "काहून घाबरून राहिली? पोरगी बरी झाली नं. गाल पाह्य तिचे."

गाल बघून माझं औषध बंद झालं. एका दिवसात, एकदम.

पुढच्या काही दिवसांत मी मऊ पडत गेले. उठलं की चक्कर, अन्न दिसलं की मळमळ, जिना चढताना पाय लटपटायचे. आई म्हणाली, नजर लागली. तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या, आणि त्या तडतडल्या म्हणून तिची खात्रीच पटली.

सर्वपित्रीला सकाळपासून स्वयंपाकघरात वडे तळणं चाललं होतं. निखाऱ्यांवर तुपाचा घास टाकला, धूर घरभर झाला आणि माझी छाती बंद झाली. आधीचे अटॅक मला माहीत होते. शिट्टी वाजायची, खोकला यायचा, वेळ लागायचा. हा वेगळा होता. मी गुडघ्यांवर हात टेकून बसले आणि मला एक शब्दसुद्धा सलग बोलता येईना. कोपऱ्यावरचे डॉक्टर घरी आले. त्यांनी सुई दिली. काळीज धडधडलं, हात कापले, हवा आली नाही. त्यांनी थांबून पुन्हा दिली. तरी नाही. ते बॅग बंद करत म्हणाले, "धंतोलीच्या हॉस्पिटलात न्या. आत्ता न्या. माझ्या हातातलं नाही हे."

आता इथं सांगते ते मी ऐकीव सांगत नाही, मी तिथंच भिंतीला टेकून बसले होते. पित्रांच्या जेवणाला आलेले मोठेबाबा त्या वेळी पानावर होते. पितरांसाठी वाढलेलं पान अर्धवट सोडून उठणं म्हणजे पितरांना उपाशी घालवणं. बाबा ऑटो आणायला गेले, ऑटो दारात येऊन उभा राहिला, आणि मोठेबाबा कढी वरपत होते. त्यांच्याशिवाय निघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांनी हात धुतले, सुपारी तोंडात टाकली, मग आम्ही निघालो. आधी पितर जेवले, मग माझी पाळी आली. मोठेबाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पानावर मी आजवर एक वडा ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही.

धंतोलीतलं ते हॉस्पिटल म्हणजे एक मोठा बंगला होता. व्हरांड्यात वर्ध्याची, यवतमाळची माणसं सतरंज्या टाकून बसलेली. मला थेट आत नेलं. डॉक्टर घाऱ्या डोळ्यांचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, त्याला रबराचा वास होता. छातीला ऐकायची नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा मला कळलं नाही, पुढे कळलं की अशा वेळी शिट्टी ऐकू न येणं हे शिट्टी वाजण्यापेक्षा वाईट. आत हवाच हलत नसते. त्यांनी रक्तदाब घेतला, परत घेतला, आणि नर्सला काहीतरी बोलले. मग एका जाड सिरिंजमध्ये औषध भरलं, त्यात ग्लुकोज ओढलं. अ‍ॅमिनोफायलिन, श्वासनळ्या उघडणारं. माझ्या कोपराच्या आतली शीर सापडायला वेळ लागला. सुई आत गेली, पण औषध ढकलायच्या आधी ते थांबले.

"घरी काय चालू आहे हिला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब," बाबा म्हणाले. "कोपऱ्यावरचे डॉक्टर कधीमधी सुई देते. बस."

"गोळ्या? काढा? कुणाची पुडी?"

"नाही जी."

"हे बघा, नीट ऐका. दम्याचं काही आधीच पोटात असेल आणि वरून मी हे शिरेत सोडलं, तर हिचं हृदय थांबू शकतं. आणि नाही दिलं तर हिचा श्वास थांबेल. म्हणून विचारतो आहे. काय देता?"

बाबांनी मोठेबाबांकडे बघितलं. मोठेबाबा हात मागे बांधून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. जणू कुणा दुसऱ्याच्याच पेशंटबरोबर आलेले.

डॉक्टर आईकडे वळले. "बाई, हिचे गाल असे केव्हापासून आहेत?"

"घरचं तूप आहे जी," आई म्हणाली.

ती माझ्या उशाशी उभी होती. मला ती उलटी दिसत होती, हनुवटी आधी आणि डोळे मागे. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, कारण माझं सगळं आता त्या तोंडावर होतं. ते एकदा उघडलं. खरंच उघडलं, मला आतले दात दिसले. तिनं मोठेबाबांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, अगदी थोडी. आणि तिनं तोंड मिटलं.

मी तिथं मरत होते आणि माझी आई पुडीचा गुण सांभाळत होती. मी हे अनेक प्रकारे समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. बाई अडाणी होती, दिराच्या धाकात होती, तिला वाटत होतं की ती बोलली तर मी जाईन. सगळं खरं आहे. पण त्या क्षणी मी समजूतदार नव्हते, मला हवा पाहिजे होती, आणि त्या क्षणाचा राग नंतरच्या समजुतीनं पुसला जात नाही.

मी मास्क खाली ओढला. नर्स हात धरायला आली, मी तो झटकला. एका श्वासात एकच अक्षर बसत होतं.

"पु," मी म्हणाले. मग पुन्हा हवा गोळा केली. "डी."

डॉक्टर वाकले. "पुडी? पुडी देतात तुला?"

मी मान हलवली.

"रोज? आज दिली?"

मी नाही म्हणून मान हलवली. "पित्र," एवढंच निघालं. पण डॉक्टर इकडचेच होते, त्यांना पुरलं. पित्रांचे दिवस बसल्यापासून बंद, म्हणजे पोटात त्यातलं आता काही उरलेलं नाही. त्यांनी नर्सला ओरडून हायड्रोकॉर्टिझोन, म्हणजे स्टिरॉइडचं इंजेक्शन, मागवलं, ते शिरेत दिलं, सलाइन लावलं. आणि मगच ते जाड सिरिंजमधलं औषध हळूहळू, माझ्या मनगटावर बोटं ठेवून, आत सोडायला लागले. मला मळमळलं, कान गरम झाले, पलंग हलतो आहे असं वाटलं. ते ढकलायचे, थांबायचे, नाडी बघायचे, परत ढकलायचे. आणि त्याच वेळी तोंडानं माझ्या घरच्यांची सालटी काढत होते.

"त्या पुडीत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटलेल्या असतात, कळतं का? पावडर करून राखेत मिसळतात आणि जडीबुटी म्हणून विकतात. गाल तुपानं नाही सुजले हिचे. स्टिरॉइड शरीर स्वतःही बनवतं, रोज बाहेरून मिळालं की ते बनवायचं सोडून देतं. आणि तुम्ही एका दिवसात बंद केलं! अरे, पोरगी मारायला निघालात तुम्ही. आई आहात का कोण आहात?"

हे शेवटचं आईला. सगळं आईलाच. बाबांना नाही, ते शर्ट-पँटमध्ये होते. मोठेबाबांना नाही, त्यांच्या मिशांचा रुबाब होता. नऊवारी नेसलेली, पदराचं टोक चावत उभी असलेली बाई समोर सापडली, आणि त्या माणसानं सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिला कुटलं. माझा जीव त्यांनी वाचवला. त्याबद्दल लोक मला विचारतात, तू त्यांना देव मानत असशील नाही? नाही मानत. आईवर चिडायचा हक्क माझा होता, त्यांचा नव्हता.

संध्याकाळी छातीत शिट्टी परत वाजायला लागली, तेव्हा नर्स खूश झाली. हवा चालू झाली होती. दाराबाहेर मोठेबाबांचा आवाज येत होता. ते बाबांना सांगत होते, "औषध चांगलंच होतं गा. पोरीनं तोंड उघडलं अन गुण घालवला."   पुढे कितीतरी वर्षं, मला जेव्हा जेव्हा अटॅक आला, तेव्हा घरात कुणीतरी हे वाक्य म्हणायचंच. पितृपक्षातली ती बंद केलेली पुडी कुणाच्या लक्षात राहिली नाही. माझं तोंड लक्षात राहिलं.

नवरात्र बसल्यावर एका दुपारी आई वॉर्डात आली. तोवर मला बरंच बरं वाटत होतं. स्टिरॉइडच्याच गोळ्या, पण आता मोजून, हळूहळू कमी करत न्यायच्या, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. आईनं डब्यातून मऊ खिचडी आणली होती. बाबा कचेरीत गेले होते, नर्स वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला कुणाची तरी पट्टी बदलत होती. आईनं इकडेतिकडे बघितलं, पलंगाच्या कडेवर बसली आणि कनवटीतून कागद काढला. मोठेबाबा महाराजांकडे जाऊन आले होते. नारळ ठेवून माझ्या वतीनं माफी मागून आले होते.

"घे माय," ती कुजबुजली. "एक डाव माफ केलं म्हणे त्यायनं. आता कोनाले सांगू नको."

तिनं बोटावर मध घेतला होता, त्यात ती भुकटी कालवली. तिचे डोळे सुजलेले होते. त्या दिवसांत ती धड जेवलीही नसेल, गालांची हाडं वर आली होती. ती माझ्यावर जीव टाकत होती यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. मोठेबाबांसारखी दगड असती तर मी तिला विसरून गेले असते.

मी ओठ घट्ट मिटले. तिनं तान्ह्या लेकराला भरवतात तसं बोट ओठांवर दाबलं. "घे नं वं. माझ्यासाठी घे."

मी तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, तिला वाटलं मी घेते आहे. तिचं बोट आत आलं, मध जिभेला लागला, आणि मी तो सगळा तिच्या हातावर थुंकले. मग छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली. इतक्या दिवसांनी परत मिळालेला तो माझा पहिला भरलेला श्वास होता, आणि तो मी आईविरुद्ध वापरला. "सिस्टर!" मी ओरडले. "ही मला पुडी देऊन राहिली!"

अख्खा वॉर्ड आमच्याकडे वळला. नर्स धावत आली, तिनं आईच्या हातातून कागद हिसकावून घेतला आणि तिला दाराबाहेर काढलं. आई जाताना पदरानं हात पुसत होती.  त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, रोज माझं ताट वाढलं, माझ्या लग्नात रडली, माझी बाळंतपणं काढली. पण तिनं मला पुन्हा कधी आपल्या हातानं घास भरवला नाही. आणि मीही कधी मागितला नाही.